नानांचं बोट

तुमच्या सोसायटीत एक नाना असतीलच. नसतील तर आमचे घेऊन जा.

आपण 'बसा' म्हणायच्या आत त्यांचं बोट फ्रिजच्या माथ्यावरून फिरून आलेलं असतं. मग ते बोट उजेडात धरून बघतात आणि नुसतं 'हं' म्हणतात. त्या 'हं'मध्ये माझ्या बायकोचं माहेर, माझी नोकरी, मुलाचे दहावीचे टक्के, सगळं येतं.

त्यांच्या घरी रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असतो. सोफ्यावर खोळ, खोळीवर चादर. मूळ रंग फक्त दुकानदाराला ठाऊक. डब्यांवर चिठ्ठ्या: 'तूरडाळ', 'तूरडाळ (जुनी)'. केराची पिशवीसुद्धा गाठ मारून, घडी बसवून पहिल्या मजल्याच्या जिन्यात ठेवलेली. नाना राहतात तिसऱ्यावर.

पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, बोट शोकेसवर. मुलगी एम.एस्सी. होती, पण नापास झाली. एका घरी दुखवट्याला गेलो, तर बोट हार घातलेल्या फोटोच्या चौकटीवर. घरच्यांना वाटलं, नाना गहिवरले. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. नाना म्हणाले, 'हं.'

'घरावरून माणूस कळतो' हा त्यांचा सिद्धांत. एकदा मी गाडगेबाबांना मध्ये आणलं. 1956 साली गेला तो माणूस. गावोगाव दिवसा खराट्यानं रस्ते झाडायचा, रात्री कीर्तन करायचा. ना घर, ना दार. अंगावर चिंध्या, जवळ एक गाडगं. "ते तुमच्याकडे आले असते, तर सोफ्यावर बसवलं असतंत?"

नानांनी बराच विचार केला. "चादर बदलली असती."

आधी की नंतर, ते सांगितलं नाही.

एवढं लिहून थांबणार होतो, पण बायको म्हणते, तेही लिहा. तर, बाबा खुब्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळले, तेव्हा आमच्या घराचा उकिरडा झाला होता. औषधांच्या पट्ट्या डायनिंग टेबलावर, कपडे खुर्च्यांवर, फ्रिजवर बोटभर धूळ. नाना रोज सकाळी यायचे, बाह्या सरसावायचे आणि बाबांचं बेडपॅन धुवायचे. बाबा संकोचानं भिंतीकडे तोंड करायचे. नाना त्यांना पेपरातली क्रिकेटची बातमी वाचून दाखवायचे, ती संपेपर्यंत चादर बदललेली असायची. त्या काळात 'हं' एकदाही ऐकू आलं नाही.

जाताना आमचा केरही घेऊन जायचे. गाठ मारून, घडी बसवून. पहिल्या मजल्यापर्यंत.