वाटा, गुंठा आणि मोल

मोल ही संकल्पना माझ्याइतकी सोपी करून शिकवणारा मास्तर अलिबाग तालुक्यात दुसरा नाही. हे मत माझं आहे आणि त्याला आजवर कोणी आव्हान दिलेलं नाही. बहुधा ते इतर कोणाला ठाऊकच नसल्यामुळे. स्टाफरूममध्ये मी आडून आडून सुचवून पाहिलं. भौतिकशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "सर, मागच्या महिन्याचे चहाचे पैसे तुमच्याकडे निघतात."

खरं तर आमच्या किनाऱ्यावरच्या पोरांना एककं शिकवायला जाणं हाच आगाऊपणा आहे. एका गुंठ्यात चौरस फूट किती, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल : १०८९. तेहतीसचा वर्ग विचारा, डोकं खाजवेल. चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर तोच तुकडा हेक्टर-आरमध्ये उतरलेला असतो, मुंबईचं गिऱ्हाईक फुटांत विचारतं, एजंट गुंठ्यात सांगतो आणि मूळ मालक "इथे अमुक खंडी भात यायचं" असं म्हणत बांधाकडे बघत राहतो. चौघांची चार एककं, पण व्यवहार एका कटिंग चहात पुरा होतो. रूपांतरात कोणाची फूटभर चूक होत नाही. झालीच तर ती मुद्दाम केलेली असते आणि तिचा निकाल जिल्हा न्यायालयात नातवंडांच्या काळात लागतो.

त्याच एजंटाचा मुलगा माझ्या वर्गात "९ ग्रॅम पाणी म्हणजे किती मोल?" या प्रश्नापुढे असा बसतो, जसं काही मी त्याच्या वाडीवर दावा लावला आहे.

आणि नुसता गुंठाच थोडा आहे? रेती ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांच्या हिशेबात. समुद्राची खोली वावात. एक वाव म्हणजे सहा फूट. नारळ शेकड्याने. पांढरा कांदा माळेने. २०२२ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून माळ तीच राहिली आणि भाव सांगणाऱ्याचा आवाज तेवढा वाढला. भात मोजायचं ते चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी अशा कोष्टकाने. मणाच्या पायल्या किती, हे मात्र गावागावाला विचारायचं. सरकारने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणला. माझ्या आजीने तो शेवटपर्यंत मंजूर केला नाही. किलो हा दुकानदाराचा, पायली आपली, असं तिचं सरळ मत होतं.

पण या सगळ्यांचा राजा म्हणजे वाटा. मासळी बाजारात ओळीने मांडलेले ते ढीग : मांदेली, कोळंबी, बोंबील. वाटा हे एकक कोणत्याही आंतरराष्ट्रीय समितीच्या दप्तरी नाही. त्याचं मूल्य ऋतू, भरती-ओहोटी, घड्याळ आणि गिऱ्हाइकाच्या गाडीची नंबरप्लेट यांवर ठरतं. एमएच-०६ दिसली की वाटा फुगतो, एमएच-०१ दिसली की आकसतो. शनिवारी सकाळी मांडव्याच्या बोटीतून मुंबईकर उतरले की तो आणखी आकसतो. दुपारी एकला, बर्फ वितळताना, दोन वाटे गपचूप एकाचे झालेले असतात. "मावशी, वर दोन घाला" म्हटल्यावर पडणारी दोन मांदेली, एवढा एकच या विश्वातला स्थिरांक. त्यातही मावशी आपल्याकडे न बघता ती दोन नेमकी कशी निवडते, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. मी बाजारात उभा राहून या विषयावर बरीच निरीक्षणं केली आहेत. घरी त्याला "मासळी आणायला गेले की हरवतात" असं म्हणतात.

तर माझी सुप्रसिद्ध उपमा इथून निघते. रसायनशास्त्रालाही वाटाच हवा होता. एकेक अणू मोजून देणं कोणाला परवडणार? म्हणून ढीग लावला आणि त्याला मोल म्हटलं. फरक एवढाच, की हा वाटा अलिबागेत तेवढाच आणि पॅरिसातही तेवढाच. नंबरप्लेट बघत नाही. वर दोन घालायची सोय नाही. २० मे २०१९ पासून तर तो कायमचा बांधून टाकला आहे : ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात, एक कण इकडे नाही की तिकडे नाही.

आपल्या जुन्या मोजणीतला शेवटचा शब्द परार्ध, एकावर सतरा शून्यं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त ही सगळी उतरंड दिली आहे. मोल म्हणजे असे साठ लाख परार्ध. तांदळाचा दाणा २० मिलिग्रॅमचा धरला आणि सारं जग वर्षाला पन्नास कोटी टन तांदूळ पिकवतं असं मानलं, तर मोलभर दाणे जमायला दोन कोटी वर्षं पुरणार नाहीत. आणि मोलभर पाणी? १८ ग्रॅम. साडेतीन चमचे. मी हे वर्गात एका घोटात पिऊन दाखवतो. साठ लाख परार्ध रेणू गिळल्यावर मी जो विराम घेतो, त्यात टाळ्यांना पुरेशी जागा ठेवलेली असते. ती दरवर्षी रिकामीच जाते.

ज्याच्या नावाने हा आकडा चालतो तो ॲव्होगॅड्रो शिक्षणाने वकील. अलिबागकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. १८११ साली त्याने सांगितलं, की समान तापमान आणि दाब असेल तर वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १८५६ मध्ये तो गेला, १८६० च्या कार्ल्सरूहेच्या परिषदेत कॅनिझारोने त्याची बाजू मांडली आणि आकड्याला त्याचं नाव १९०९ मध्ये पेरँने दिलं. आकडा स्वतः ॲव्होगॅड्रोने कधी काढलाच नव्हता. न केलेल्या मोजणीबद्दल माणूस अजरामर होतो, हे वाचल्यापासून माझ्या आशा जिवंत आहेत.

वाट्याची उपमा सांगून मी एकदा असाच विराम घेतला होता. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "पण सर, वाट्यातले मासे सगळे सारखे कुठे असतात? आई मोठे दोन वर लावते. बारीक खाली." तिची आई बाजारात बसते. वर्ग खदखदला. मी रागावायच्या तयारीत होतो, इतक्यात लक्षात आलं, की ही पोरगी क्लोरीनबद्दल बोलते आहे. क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५ का, हे मी वर्षानुवर्षं "सरासरी असते, लिहून घ्या" एवढ्यावर उरकत आलो होतो. फळ्यावर लिहिलं : ढिगात दर चारांत साधारण तीन अणू ३५ चे, एक ३७ चा. माझा खडू बेरजेपर्यंत पोचायच्या आत तिने सांगितलं, "एकशे बेचाळीस भागिले चार. साडेपस्तीस." वहीत न लिहिता. गिऱ्हाइकाला सुटे पैसे परत करावेत तसं.

पुढच्या वर्षापासून ते उदाहरण मी माझ्याच नावावर चालवतो. श्रेय द्यायला हरकत नव्हती, पण तास छोटा असतो.

दुसरं उदाहरण मात्र अस्सल माझं. थळला आरसीएफचा खत कारखाना आहे. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची असे. २०१८ पासून ती ४५ ची झाली. शेतकरी कुरकुरले. मी मनातल्या मनात पेढे वाटले. युरियाचं रेणुवस्तुमान ६०. ५० किलोच्या गोणीत ८३३.३३ असा तिरपागडा आकडा यायचा, ४५ किलोत बरोबर ७५० मोल. त्याला लागतो २५.५ किलो अमोनिया आणि ३३ किलो कार्बन डायऑक्साइड, एकूण ५८.५ किलो, गोणीतले ४५ वजा जाता १३.५ किलो पाणी. हिशेब चोख. शिवाय ५८.५ ग्रॅम म्हणजेच मिठाचा एक मोल, आणि आमच्या जिल्ह्यात मिठागरं! हा योगायोग सांगताना माझ्या अंगावर काटा येतो. वर्गात कोणीतरी घड्याळात बघतं.

आणि विमानाची गोष्ट. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं बोइंग ७६७. कॅनडा नुकता किलोकडे वळत होता. इंधनाचे लिटर वजनात बदलताना ०.८ ने गुणायचं होतं, ते १.७७ ने गुणलं. म्हणजे किलोऐवजी पौंड. निम्म्याहून कमी इंधनावर विमान उडालं आणि वाटेत हवेतच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकाने ते गिम्लीच्या जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरवलं. कोणी दगावलं नाही. एक पोरगा म्हणाला, "आमचा तांडेल टाकीत काठी घालून बघतो, सर." मी सांगितलं, काठी त्यांनीही घातली होती. काठी बरोबर होती, गुणाकार चुकला. तेव्हा मात्र वर्ग गप्प झाला. डिझेल संपलेली बोट म्हणजे काय, हे त्यांना माझ्याहून जास्त कळतं.

इथे माझा खरा राग सांगतो. नववीच्या पुस्तकात 'द्रव्याचे मोजमाप' हा धडा मराठीत आहे, तो ही मुलं वाचून आलेली असतात. अकरावीला सायन्स घेतलं, की सगळं रातोरात इंग्रजी. साडेपस्तीस तोंडी काढणारी तीच पोरगी 'कॅल्क्युलेट द नंबर ऑफ मोल्स' वाचून वहीकडे बघत बसते. मग ती क्लासला जाते. तिथे एक त्रिकोण मिळतो : वर वस्तुमान, खाली मोल आणि रेणुवस्तुमान, हवं त्यावर अंगठा ठेवा, उरेल ते करा. आपल्याकडे शतकानुशतकं त्रैराशिक होतं. 'लीलावती'ची सुरुवातच एककांनी होते : वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. आधी एककं, मग गणित. आता अंगठा आहे. आणि अंगठ्याखालून जे उत्तर येतं ते असं : ५.

पाच काय? मोल, ग्रॅम, मांदेली?

तापाचं पॅरासिटामॉल घ्या. तान्ह्या बाळाच्या थेंबांच्या बाटलीत ते एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतं. पातळ औषधाच्या बाटलीत पाच मिलिलिटरला १२५ किंवा २५०. घरात कोणीतरी म्हणतं, "एक चमचा पाजा." चमचा तोच, बाटली बदलली, की औषध चौपट होऊ शकतं. रोह्यापासून महाडपर्यंतच्या कारखान्यांत आमची कितीतरी मुलं उद्या कामाला लागतील, तिथे मोल त्यांच्या पोटापाण्याचा असेल. पण ते पुढचं झालं. आज रात्री भावंडाला ताप भरला, तर त्या घरात बाटलीवरचं इंग्रजी वाचू शकणारं माणूस बहुतेक वेळा एकच असतं आणि ते माझ्या वर्गात बसून उत्तराला एकक न लिहिण्याचा सराव करत असतं.

म्हणून अकरावीच्या आईवडिलांना विनंती आहे. मोलचं सूत्र मुलं विसरली तर विसरू द्या, त्रैराशिकाने निघतं. पण घरात कोणीही नुसता आकडा सांगितला, तर "काय?" म्हणून विचारत जा, बाजाराच्या हिशेबाला विचारा, गुंठ्याला विचारा, औषधाला तर विचाराच. चाचणी परीक्षा येत्या सोमवारी आहे आणि नुसत्या पाचाला मी शून्य देतो.