दोन कानांत सात स्पीकर बसवण्याची शास्त्रोक्त पद्धत

ज्यांच्या दिवाणखान्यात सात स्पीकर आणि एक सबवूफर मांडायला जागा आहे, ज्यांच्या खालच्या मजल्यावर कोणी राहत नाही आणि ज्यांच्या घरात असल्या खरेदीवर कोणी भुवई उंचावत नाही, त्यांनी हे मार्गदर्शन सोडून पुढचे पान वाचावे. उरलेल्या समस्त वन बीएचके श्रोतृवर्गासाठी विज्ञानाने सोय करून ठेवली आहे. साहित्य : दोन वाट्यांचे साधे स्टिरिओ हेडफोन, विंडोजचा संगणक, फुकट मिळणारी दोन सॉफ्टवेअर आणि एक अख्खा रविवार. यातील रविवार कुठेही डाउनलोड होत नाही, तो स्वतःचाच वापरावा लागतो.

कामाला लागण्यापूर्वी साधकाने मनातली शंका फेडून घ्यावी. हेडफोनमध्ये स्पीकर दोनच, मग मागचा आवाज मागून येणार कसा? तर माणसालाही कान दोनच असतात, तरी पाठीमागे रिक्षाने हॉर्न दिला तर आपण पुढे बघत नाही. डावीकडचा आवाज उजव्या कानाला जरा उशिरा पोचतो. हा उशीर फार तर मिलिसेकंदाच्या दोन-तृतीयांशाएवढा असतो, पण मेंदूचा हिशेब तेवढ्यावर चालतो. शिवाय मध्ये डोके आडवे येते, त्यामुळे पल्याडच्या कानाला वरच्या पट्टीतले आवाज कमी पोचतात. लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली हे दोन्ही हिशेब मांडले. मात्र नाकासमोरचा आणि थेट पाठीमागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी आणि सारख्याच जोराने पोचतो. तिथे उपयोगी पडते ती कानाची पाळी. तिच्या वेड्यावाकड्या घड्यांत आपटून काही सूर उठून दिसतात, काही गळतात, आणि त्यावरून मेंदू पुढचे-मागचे ओळखतो. शाळेत गुरुजी जे पिळत असत, ते दिशादर्शक यंत्र होते.

सॉफ्टवेअर नेमके हेच करते. सिनेमातला मागच्या डाव्या स्पीकरचा आवाज उचलून त्याला योग्य तो उशीर आणि योग्य ती गळती लावते आणि दोन वाट्यांत ओतते. सात स्पीकर, दोन कान, म्हणजे चौदा गाळण्या. आता महत्त्वाचा प्रश्न : गळती कोणाच्या कानाच्या मापाने लावायची?

येथे केमार यांचा परिचय करून देणे आवश्यक आहे. केमार हा १९७२ पासून ध्वनिसंशोधनाच्या सेवेत असलेला, रबरी कानांचा, धडापुरता पुतळा. १९९४ साली अमेरिकेत एमआयटीच्या बिल गार्डनर आणि कीथ मार्टिन यांनी त्याच्याभोवती ७१० ठिकाणांहून आवाज सोडला, त्याच्या कानांच्या आत काय पोचते ते मोजले आणि ती मापे सर्वांना मोफत वाटली. त्यासाठी केमारला एका बाजूला साधा आणि दुसऱ्या बाजूला मोठा कान लावला होता. ही सोय आपल्याकडे नाही. अशी मापे जिवंत माणसांचीही घेतली गेली आहेत. तात्पर्य, फुकटचे सराउंड ऐकणे म्हणजे देवळाबाहेरून दुसऱ्याच्या चपला घालून घरी येणे. चालता येते, पण अंगठ्याला कळते.

आता प्रत्यक्ष कृती. सोपा मार्ग असा की, विंडोजमध्येच २०१७ पासून 'विंडोज सॉनिक' नावाची सोय आहे. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर उजवी क्लिक करावी, स्पेशियल साउंडमध्ये जाऊन तिची निवड करावी, संपले. पण जे काम दोन क्लिकमध्ये होते त्यावर खऱ्या साधकाचा विश्वास बसत नाही. त्याच्यासाठी दुसरा मार्ग आहे.

प्रथम 'इक्वलायझर एपीओ' उतरवून घ्यावे. ते विचारते, कोणत्या उपकरणावर बसू? यादीत मॉनिटरचा स्पीकर, टीव्ही, ब्लूटूथचे दोन अवतार आणि कैलासवासी झालेल्या एका हेडफोनचेही नाव निघते. योग्य नावापुढे टिक करून संगणक रिस्टार्ट करावा. मग 'हेसुवी' बसवावे. ते एपीओच्या खांद्यावर बसते, म्हणून हा क्रम उलटा करू नये. त्यानंतर कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन, आपल्या दोन वाट्या म्हणजे ७.१ स्पीकर आहेत, असे विंडोजला सांगावे. हे धडधडीत खोटे आहे, परंतु त्याशिवाय सिनेमा किंवा गेम सात वाटांचा आवाज सोडतच नाही. काही साउंड कार्डे या खोट्याला सामील होत नाहीत. ७.१ चा पर्यायच दिसत नाही. तेव्हा 'व्हीबी-केबल' नावाची आभासी वायर बसवून काम भागवता येते. ही वायर दिसत नाही, म्हणून ती गुंतत नाही असे समजू नये.

हेसुवी उघडल्यावर मोठी यादी समोर येते. डॉल्बी, क्रिएटिव्ह, सेनहायझर वगैरेंची आभासी सराउंड यंत्रणा आवाजाचे जे करते, त्याचे टिपलेले ठसे त्यात आहेत. प्रत्येक नाव म्हणजे एक वेगळे डोके. एकच प्रसंग, शक्यतो हेलिकॉप्टर डोक्याभोवती फिरते असा, पाच-सहा डोक्यांतून ऐकावा आणि जे बरे वाटेल ते धरून बसावे. रोज डोके बदलू नये. यास आधार आहे : १९९८ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी काही जणांच्या कानांच्या घड्यांत साचे बसवले. सुरुवातीला त्यांना आवाज वरून येतो की खालून, हेच कळेना. काही आठवड्यांत, कोणाला सहा आठवडे लागले, त्यांचा मेंदू नवा कान शिकला, आणि साचे काढल्यावर जुना कानही लगेच पूर्ववत चालू झाला. तेव्हा पहिल्या संध्याकाळी हेलिकॉप्टर मानेत अडकले तरी धीर सोडू नये.

समोरचा आवाज मागून किंवा थेट डोक्याच्या आतून येणे, ही सर्वात जुनी तक्रार आहे. खऱ्या जगात शंका आली की आपण मान जराशी वळवतो आणि निकाल लागतो. हान्स वालाख यांनी १९४० मध्येच हे दाखवून दिले होते. हेडफोन घालून मान वळवली तर अख्खे थिएटरच सोबत वळते आणि निकाल कधीच लागत नाही. म्हणून मान स्थिर आणि नजर पडद्यावर ठेवावी. डोळ्यांनी तोंड हलताना पाहिले की कान पुष्कळसे ऐकतात.

गेम खेळणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. 'काउंटर-स्ट्राइक'सारख्या गेममध्ये हेडफोनसाठीची ही करामत आतच असते. ती चालू ठेवून वर हेसुवीही चालवले, तर एका डोक्यात दुसरे डोके बसते आणि जिन्यावरचा शत्रू बाथरूममधून येतो. दोहोंपैकी एक बंद करावे. ब्लूटूथवाल्यांना आणखी एक इशारा : हेडफोनचा माइक चालू झाला की बहुतेक वेळा तो फोनच्या जातीचा होतो आणि सात स्पीकरांचा वैभवशाली दरबार ट्रंककॉलवर येतो.

सर्वात मोठा गैरसमज गाण्यांबाबत आहे. गाणे बहुधा मुळात दोनच वाटांचे असते. ते यातून सोडले की हेसुवी त्याला समोरच्या दोन काल्पनिक स्पीकरांवर बसवते. बाकीचे पाच रिकामेच राहतात आणि गायक रिकाम्या मंगल कार्यालयात उभा असल्यासारखा वाटतो. जुनी मोनो गाणी तर अजिबात सोडू नयेत. सिनेमाही ५.१ किंवा ७.१ मध्ये मिळत असेल तरच खटपट करावी. ब्राउझरमध्ये पुष्कळदा स्टिरिओच येतो.

एवढे करून खेळात पावलांची दिशा कळते, सिनेमातला पाऊस डोक्याबाहेर पडतो, आणि हे सारे फुकटात होते. बाजारात '७.१' असे ठळक छापलेले महागडे गेमिंग हेडफोन मिळतात. त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्यांतही एकेकच स्पीकर असतो, बाकीचे सॉफ्टवेअरमध्ये असतात. तेव्हा छापील आकड्याचे पैसे वाचवा, त्याच पैशांत चांगले साधे स्टिरिओ हेडफोन घ्या, आणि सात स्पीकर वरीलप्रमाणे घरीच बसवा.