सेल लागला तर

आमच्याकडे वाणसामानाची यादी फोनवर असते. ती बायकोच्याही फोनवर उघडते आणि माझ्याही, त्यामुळे दोघंही तीत वाट्टेल ते लिहितो. परवा दुकानात उभा राहून मी ती मोठ्यानं वाचत होतो. तूरडाळ दोन किलो, जाडे पोहे एक किलो, साबुदाणा अर्धा, हॉलो नाइट सेल लागला तर.

शेठ पोहे जोखता जोखता थांबले. "हॉलो नाइट नाही येत आपल्याकडे. गुडनाइट आहे. देऊ?"

मी मुकाट्यानं गुडनाइट घेतलं. नको म्हटलं असतं तर खुलासा करावा लागला असता. हा व्हिडिओ गेम आहे, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरी नावाच्या चिमुकल्या चमूनं तो २०१७ साली काढला, वगैरे. मागं रांगेत दोन आज्या होत्या. शिवाय त्या गेममधली झाडून सगळी पात्रं किडे-कीटकच आहेत, तेव्हा शेठनी सुचवलेला पर्याय अगदीच विषयाला सोडून नव्हता.

तर मुद्दा यादीचा. स्टीम नावाच्या दुकानात प्रत्येक गेमच्या पानावर विशलिस्टमध्ये टाकायचं बटण असतं. माझ्या विशलिस्टवर आजमितीस २१४ गेम आहेत. स्टीम ही यादी फुकट सांभाळतं, किंमत उतरली की मेलही पाठवतं. पण दुसऱ्यानं ठेवलेल्या हिशेबावर आमच्या घराण्यात कुणी विश्वास ठेवलेला नाही. म्हणून माझी एक्सेल शीट वेगळी आहे. गेमचं नाव, आजची किंमत, आजवरची नीचांकी किंमत, संपवायला लागणारे तास आणि शेवटी 'का हवा?' असा रकाना. या रकान्यात १६० ठिकाणी 'बघू' असं लिहिलंय. एका ठिकाणी 'ऑफिसात कुणीतरी म्हणालं होतं' अशी नोंद आहे. तो कुणीतरी नोकरी सोडून गेला, त्याचं नाव आता आठवत नाही, गेम मात्र आहे.

शीटला रंगही आहेत. पिवळा म्हणजे वाट बघतोय. हिरवा म्हणजे किंमत उतरली. लाल म्हणजे घेतला, पण उघडला नाही. लाल फार पसरायला लागल्यावर मी त्याचा गुलाबी केला. तेवढंच डोळ्यांना बरं.

"रात्री बारा-बारा वाजेपर्यंत नक्की खेळतोस तरी काय?" बायकोनं एकदा विचारलं. मी म्हटलं, "शीट."

स्टीमचे दोन मोठे सेल म्हणजे आमची दिवाळी आणि पाडवा. एक जूनच्या अखेरीला, दुसरा डिसेंबरच्या. मेल येतो, मी चष्मा लावून बसतो. आठशेचा गेम दोनशेला दिसतो, माउस बटणापर्यंत जातो आणि शीट आठवण करून देते की मागच्या वर्षी हाच १८० ला होता. म्हणजे वीस रुपयांना टोपी! मी थांबतो. या थांबण्याच्या समाधानात त्याच बैठकीला पाव किलो बाकरवडी संपते. तिचे पैसे शीटमध्ये धरत नाहीत.

फॅक्टोरिओनं मात्र मला हरवलं. प्राहाच्या वूब सॉफ्टवेअरचा हा कारखाना बांधायचा गेम. तो कधीही सवलतीत मिळणार नाही, हे त्यांनी पहिल्यापासून तोंडावर सांगून ठेवलंय. मला हा बोलण्याचा भाग वाटला. मी पाच वर्षं नेटानं वाट पाहिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी किंमत तीस डॉलरवरून पस्तीस केली! ही माणसं मूळची सदाशिव पेठेतली असणार. त्यांच्या दारावर 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी कशी नाही, एवढंच आश्चर्य.

पुण्याचाच एक गेमही यादीत आहे. राजी, नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० सालचा. आपल्या गावातल्या पोरांनी केलाय म्हणून मी तो अभिमानानं यादीत टाकला. अभिमान तिथंच आहे.

माझ्या एका मेव्हण्याला हे पटत नाही. तो दिसला की घेतो. मी त्याला दाखवलं की आता खरेदीच्या वेळीच लिहिलेलं असतं, तुम्हाला मिळतोय तो फक्त वापराचा परवाना. म्हणजे पागडीची खोली, राहा पण मालक म्हणवू नका. तो म्हणाला, "मी निदान खोलीत राहतो. तू दहा वर्षं जिन्यात उभा आहेस."

जिन्याचं सोडा, सिल्कसाँगचं सांगतो. हॉलो नाइटचा हा पुढचा भाग फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाला. मी त्याच दिवशी यादीत टाकला. तेव्हा चिरंजीव बालवाडीत होते. पुढं जगभरच्या लोकांनी तो विशलिस्टमध्ये टाकून स्टीमच्या यादीत पहिल्या नंबरला नेला आणि कंपनी गप्प. अखेर ४ सप्टेंबर २०२५ ला, आपल्याकडच्या घड्याळानं संध्याकाळी साडेसात वाजता तो आला. चिरंजीव पाचवीत. आणि दिवस कुठला, तर अनंत चतुर्दशीच्या आदल्या दोन दिवसांतला. खाली सोसायटीच्या गणपतीची आरती सुरू. एका हातात झांज धरता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या हातात फोन होता. स्टीमचं पान उघडेना. जगभरातून एवढी झुंबड उडाली होती की स्टीमसकट निनटेंडो आणि प्लेस्टेशनच्या दुकानांनीही मान टाकली. मंत्रपुष्पांजली झाली, प्रसाद वाटून झाला, तरी चक्र फिरतंच होतं.

नऊच्या सुमारास पान उघडलं. साडेसहा वर्षांनी ते खरेदीचं बटण माझ्यासमोर आलं. चिरंजीव खांद्यावरून डोकावत होते. "बाबा, पहिला भाग संपवलास ना तू?"

पहिला भाग मी अजून घेतलेला नाही. तो वाणसामानाच्या यादीत आहे.

"आधी पहिला व्हायला हवा, मग दुसरा," मी म्हटलं आणि सिल्कसाँगची ओळ पिवळीच ठेवली. तशीही नव्या गेमची पहिली सवलत कधी लागेल यावर लक्ष ठेवणं, हे एक वेगळं काम होतं. त्यासाठी नवा रकाना केला. तो जमवता जमवता साडेबारा झाले आणि डास फार चावले.

सकाळी यादी उघडली, तर साबुदाण्याच्या खाली बायकोनं लिहून ठेवलं होतं, 'गुडनाइट रिफिल, दोन. सेलची वाट पाहू नये.'