बुश गेलाय!

प्रत्येक सोसायटीत एक मारुतीवाले काका असतात. शनिवार, शेंदूर आणि रुईची माळ यांच्याशी त्यांचा संबंध नाही. त्यांच्याकडे मारुती एट हंड्रेड असते. आमच्या काकांची 1997 सालची, कार्ब्युरेटरवाली, घेतली तेव्हा पांढरी. गाडी विकून टाका असं सांगायला आलेल्या माणसाला ते चहा पाजून परत पाठवतात. मुलाकडे मोठी ऑटोमॅटिक गाडी आहे. ती काकांनी एकदा चालवली आणि उतरून किल्ली परत देताना एवढंच म्हणाले, "हात रिकामा राहतो रे."

काकांच्या स्वतःच्या गाडीत ती भीती नाही. तिथे हाताला गियरचा दांडा पुरून उरतो.

दांडा ढिला आहे म्हणावं तर ते कमीच. न्यूट्रलला असला की तो ड्रायव्हरच्या मांडीपासून शेजारच्याच्या गुडघ्यापर्यंत मनाला येईल तिथे विसावतो. मुठीवरचे आकडे कधीच पुसले गेले आहेत, ते एका अर्थी बरंच झालं, कारण खाली काय चाललंय याच्याशी त्यांचा काही संबंध उरला नव्हता. बुडाशी असलेलं रबरी बूट फाटलेलं, आणि त्या भोकात काकूंच्या जुन्या साडीचा बोळा. पावसाळ्यात हा बोळा काढून पिळायचा आणि परत कोंबायचा, हे काकांचं वार्षिक मेंटेनन्स. सिग्नलला गाडी उभी राहिली की दुधाचा दात हलायला लागलेलं पोर जिभेने तो ढकलत बसतं, तसे काका दांडा इकडून तिकडे हलवत बसतात. त्यात चिंता नसते. असलंच तर थोडं सुख असतं.

गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची वेळ आली की काकांची शिकवणी ऐकण्यासारखी असते. "पहिला हवा ना, तर दांडा पार डावीकडे न्यायचा, काकूंच्या पर्सला टेकेपर्यंत. आणि मग वर. पर्सला टेकला नाही तर तिसरा पडेल." पर्स हे यातलं अधिकृत माप आहे. काकू सोबत नसल्या तर काका रिकामी पर्स डाव्या सीटवर ठेवूनच निघतात. सोसायटीत नव्याने राहायला आलेल्यांचा यामुळे काही काळ गैरसमज होतो.

खंबाटकी घाटात खरी परीक्षा. चढावर तिसऱ्यावरून दुसरा घ्यायला जावं तर डावीकडे पुरता न सरकलेला दांडा सरळ खाली येतो आणि चौथा पडतो. गाडी आचके देते, मागचा ट्रक हॉर्न वाजवतो, काकू डोळे मिटतात. काका मात्र शांत. "गाडी विचार करतेय," म्हणतात. एका लग्नाला हॉलच्या दारात गाडी लावून देणारा पोरगा किल्ली घेऊन आत बसला, बराच वेळ आत काहीतरी ढवळलं, आणि उतरून हात जोडून म्हणाला, "काका, तुम्हीच लावा." हा प्रसंग काका पदक मिळाल्यासारखा सांगतात. चोराचीही तीच गत होणार हे त्यांचं ठाम मत आहे आणि म्हणून त्यांनी स्टिअरिंग लॉक घेतलेलं नाही.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर 5 वर्षांनी तपासणी आणि नवी मुदत, वर पर्यावरण कर. काकांनी हे सोपस्कार 2012, 2017 आणि 2022 असे तीनदा भक्तिभावाने पार पाडले. शेवटच्या खेपेला तपासणीचे साहेब गाडीत बसले, दांडा हलवून पाहिला आणि म्हणाले, "कितव्या गियरमध्ये आहे?" काका अदबीने म्हणाले, "तुम्हाला हवा त्या."

मारुतीचा इतिहास ते घरातला असल्यासारखा सांगतात. 14 डिसेंबर 1983 ला दिल्लीत इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिली, हे सांगताना काकांचा हात पुढे होतो, जणू ती किल्ली यांच्याच तळहातावर पडली. जानेवारी 2014 मध्ये एट हंड्रेडचं उत्पादन थांबलं, तेव्हा काका दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. इंजिन आठशे सीसीचं म्हणालात तर लगेच दुरुस्ती होते: "796. वरचे 4 आपल्या हाताचे."

असा माणूस दांडा दुरुस्त का करत नाही, हा प्रश्न तुम्हाला पडेल. काकांना पडत नाही. त्यांना दुरुस्तीपेक्षा निदानात रस. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बॉनेट उघडायचं आणि कुणी थांबतंय का बघायचं. थांबतातच. बॉनेट उघडं दिसल्यावर सरळ निघून जाईल असा मराठी पुरुष मी अजून पाहिलेला नाही. दांडा दोन सीटांच्या मध्ये आहे आणि पुढे इंजिनाकडे बघून त्यातलं फारसं काही दिसणार नाही, ही गोष्ट या सभेत कुणी काढत नाही.

सभेत तीन पंथ आहेत. कारखान्यातून निवृत्त झालेले साहेब म्हणतात, इंजिन माउंटिंग. रबर बसलं की इंजिन पुढेमागे झुलतं आणि दांडाही झुलतो. गोष्ट खरी आहे, पण ते झुलणं अॅक्सिलरेटर दाबला-सोडला की दिसतं. बंद गाडीत दांडा लोळतो त्याला बिचारं माउंटिंग काय करणार? आयटीतला तरुण व्हिडिओ पाहून येतो. त्याचं निदान सिंक्रोनायझर. ते झिजलं तर गियर टाकताना खर्रर्र होतं, काकांच्या गाडीत तो आवाज नाही, पण तरुणाचा आत्मविश्वास आवाजावर अवलंबून नाही. बँकेतून निवृत्त झालेले तिसरे गृहस्थ गाडीच्या आत डोकावतही नाहीत. "गियरबॉक्स उतरवावा लागणार," म्हणतात, आणि खर्चाचा आकडा सांगून व्यायामाला निघून जातात. काकांना मनातून हेच निदान पसंत होतं. रोग कसा भारदस्त हवा.

मधल्या काळात काकांचे स्वतःचेही इलाज झाले. मूठच सैल असेल म्हणून ती आटे संपेपर्यंत पिळली. मग गाडीखाली पोराला घालून रॉडच्या जोडावर सायकलची ट्यूब गुंडाळली आणि वरून तार आवळली. पहिल्या पावसापर्यंत गाडी अगदी नवरीसारखी वागली. नंतर ट्यूब कुठे गेली ते सिंहगड रोडवरच्या कुठल्यातरी खड्ड्याला माहीत.

शेवटी गाडी मिस्त्रीकडे गेली, ती दांड्यासाठी नाहीच, क्लचची केबल बदलायला. मिस्त्री गाडी बाहेर काढायला आत बसला, पहिला टाकला, गाडी तिसऱ्यात आचका देऊन बंद पडली. तो उतरला.

"काका, किती वर्षं असं चालवताय?"

"सवय झालीये रे. गियरबॉक्सचं काम आहे ते, मोठं आहे."

मिस्त्रीने गाडी खड्ड्यावर घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंदच ठेवलं आणि पोऱ्याला सीटवर बसवलं. स्वतः खाली उतरून दांड्याखालच्या रॉडवर दोन बोटं ठेवली. "हलव." पोऱ्याने दांडा हलवला. "अजून हलव." वर दांडा भरपूर फिरत होता आणि खाली रॉड जागचा हलत नव्हता; हलला तोही उशिरा. मग मिस्त्रीने पुढे जाऊन गियरबॉक्सच्या बाजूचा जोड हाताने आतबाहेर केला. खट, खट. गियर स्वच्छ पडत होते.

"बॉक्सला काही झालेलं नाही," खड्ड्यातून आवाज आला. "बुश गेलाय!"

या गाडीत इंजिन आणि गियरबॉक्स पुढे आडवे बसवलेले, दांडा मागे आपल्या हाताशी. मधलं अंतर गाडीच्या तळाखालून जाणारे रॉड सांभाळतात. जिथे जिथे ते दांड्याला किंवा एकमेकांना मिळतात तिथे नायलॉनचे, रबराचे छोटे बुश असतात. धूळ, चिखल, पाणी खाऊन ते झिजतात, भोक लांबट होतं, आणि खाली सुताएवढी जागा झाली की लांब दांड्याच्या टोकाला ती वीतभर होऊन येते. इतक्या वर्षांनी झिजला तर त्यात बुशाचाही दोष नाही. मोटारीत सगळ्यात स्वस्त वस्तू आधी जावी, अशीच ती रचना आहे.

काकांचा चेहरा पडला. "नक्की बुशच?" त्यांनी दोनदा विचारलं. मिस्त्रीने जुना बुश काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. अंगठीपेक्षा थोडा मोठा, काळा, एका बाजूने कागदाइतका पातळ झालेला. काका तो आगपेटीत घालून स्वतः नाना पेठेत गेले. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "एट हंड्रेड?" आणि मागच्या खणातून पुडी काढून दिली. किंमत दोन मिसळींइतकी.

मिस्त्रीने बूट बदललं, साडीचा बोळा चिमटीने कोपऱ्यात टाकला, जोड डिझेलने धुतले, ग्रीस भरून नवे बुश बसवले आणि नट आवळले. चहा यायच्या आत काम संपलं. पहिला पहिल्यात पडला, तिसरा तिसऱ्यात. काकूंनी येताना पर्स मांडीवर घेतली.

काका आठवडाभर गप्प होते. मग एके रविवारी पार्किंगमध्ये परत दिसले, खिशात आगपेटी. जुना बुश आता सोसायटीभर फिरून आलाय. कारखान्याच्या साहेबांनी तो भिंगातून पाहिला आणि "माझंही तेच म्हणणं होतं" असं सांगितलं. काका आता केवळ बुशपंथी आहेत. कुणाची गाडी सुरू होत नसो, कुणाचा एसी गार करत नसो, ते बाहेरूनच कान लावतात आणि आगपेटी उघडतात. परवा मुलाच्या ऑटोमॅटिकचं डॅशबोर्ड खुळखुळतंय म्हणून तक्रार आली. काकांनी न बसताच निदान केलं.

तुमच्या गाडीचा दांडा लोळत असेल तर एकच विनंती. गियरबॉक्स उतरवू असं कुणी म्हणालं तर आधी गाडी बंद करून वर एकाला दांडा हलवायला लावा आणि खाली रॉड हलतोय का ते बघायला सांगा. खर्रर्र आवाज आला किंवा पडलेला गियर आपोआप सटकला, तर गोष्ट वेगळी, नाहीतर बहुतेक बुशच. आणि काकांना विचारायला जाऊ नका. उत्तर बरोबर येईल, पण रविवार जाईल.