एक लांब, दोन आखूड

सोलापुरात जुना कॉम्प्युटर सुखासुखी मरत नाही, कारण त्याला मरू न देणारे अण्णा गावभर बसलेले आहेत. नवी पेठेतल्या बोळात, साखर पेठेत एखाद्या जिन्याखाली, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चहाच्या टपरीला लागून. दुकानाच्या पाटीवर मोबाइल रिचार्ज लिहिलेलं असतं आणि आत पेंटियम थ्रीच्या सांगाड्यांमुळे गिऱ्हाइकाला एका पायावर उभं राहावं लागतं.

अण्णांचे वडील बहुधा यंत्रमागावर जॉबर असतात. शेडमध्ये सगळे माग एकदम खडखडत असताना त्यातला नेमका कोणता माग चुकीचा वाजतोय, हे जॉबर दारातूनच ओळखायचा. अण्णांनी वारशात घर घेतलं नाही, माग घेतला नाही, तो कान तेवढा घेतला.

गिऱ्हाईक कॅबिनेट टेबलावर ठेवतं. अण्णा कॅबिनेटकडे न बघता गिऱ्हाइकाकडे बघतात.

"काय झालंय ओ मालक?"

"काही नाही की अण्णा. रात्री चांगलं चालू होतं. सकाळी डिस्प्लेच येईना."

"मधी काय केलात?"

"काही नाही."

हे दुसरं 'काही नाही' अण्णांच्या दृष्टीनं कबुलीजबाब असतो. माणूस खोटं बोलतो, बोर्ड बोलत नाही, हे त्यांचं तत्त्वज्ञान. म्हणून ते मालकाला गप्प बसवतात, पंखा बंद करतात, समोरच्या रिक्षावाल्याला हात जोडून इंजिन बंद करायला लावतात आणि बटण दाबतात.

बीप.

बोर्ड अवॉर्ड बायोसचा असेल तर एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार. एएमआयचा असेल तर तीच तक्रार आठ आखूड बीपांत येते. अण्णांना हे तोंडपाठ आहे, पण एकदा ऐकून त्यांचं समाधान होत नाही. चांगल्या गाण्याला दाद द्यावी तसं ते पुन्हा पुन्हा बटण दाबून ऐकतात. मालक घड्याळ बघतो.

खरी कसोटी लागते ती बोर्ड मुका असला की. मग अण्णा वजाबाकी सुरू करतात. वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, सोडवून त्याची हिरवी वायर काळीला जोडायची. पंखा फिरला तर निदान जीव आहे, पुढं व्होल्टेज मोजायचे. मग हार्डडिस्क काढ, सीडी ड्राइव्ह काढ, कार्डं काढ, शेवटी रॅमही काढ. बिनरॅमचा बोर्ड ओरडला तर अण्णांच्या चेहऱ्यावर तेज येतं. मालकाला मात्र, काहीही सुरू नसताना हा माणूस का हसतोय, ते कळत नाही. "ओरडलालंय म्हणजे जिवंत आहे ओ!" मग रॅमच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरतो. खोडरबर शाळेतलाच, पण तो अण्णांशिवाय कुणी धरायचा नाही.

दुकानातल्या पोराला ही वजाबाकी मंजूर नसते. "अण्णा, बोर्ड बदलून टाकू की."

"काय बोललालास बे? बदलायला अक्कल लागत नाही, पैसे लागतात. इकडं बघ. कपॅसिटर." डबीचं डोकं सपाट हवं, ते फुगलेलं असतं. 2000 च्या आगेमागे बनलेल्या बोर्डांत अशा कच्च्या कपॅसिटरांची साथच आली होती. अण्णा त्या साथीविषयी हळहळून बोलतात, पण त्यांचा सुवर्णकाळ तोच.

पंख्याखालची हीटसिंक उघडली की अण्णांतला गुप्तहेर जागा होतो. तिच्या पात्यांत मागाच्या शेडमधल्या सुताची लव घट्ट बसलेली असते. हवा जायला जागा नाही, प्रोसेसर तापणार, मशीन हँग होणार. अण्णा चिमट्यानं लव ओढतात. वर निळी, खाली गुलाबी. "दिवाळीपर्यंत गुलाबी टॉवेल चालू होते वाटतं?" मालक चपापतो. भागीदाराला गुलाबीचं सांगितलेलं नसतं.

असला कॉम्प्युटर टाकून का देत नाहीत? कारण चादरीच्या नक्षीचं जुनं सॉफ्टवेअर मागच्या प्रिंटर पोर्टात खोचलेल्या एका कुलपाशिवाय उघडत नाही, आणि नव्या मशीनला तो पोर्टच नाही. हिशेब डॉसमध्ये, बिलं डॉट मॅट्रिक्सवर. एका मालकाच्या बोर्डावरची तीन व्होल्टची बॅटरी संपली, तेव्हा तारीख मागं पळाली आणि बिलावर छापून आलं 1 जानेवारी 1980. खाली जीएसटी लावलेला. जो देशात आला 1 जुलै 2017 ला. सदतीस वर्षं आधी कर लावला म्हणून व्यापाऱ्यानं बिल परत पाठवलं. अण्णांनी नाण्याएवढी 2032 नंबरची बॅटरी बदलली आणि मालकाला सदतीस वर्षं पुढं आणलं.

अण्णांना चहा पाजलात तर जॅकार्डवरचं भाषण फुकट मिळतं. फ्रान्समधल्या जॅकार्डनं 1804 च्या सुमाराला मागावर भोकं पाडलेले पुठ्ठे चढवले. भोक असेल तिथला धागा उचलायचा, नसेल तिथला खाली. आपल्या चादरीवरची फुलं उमटतात ती याच हिशेबानं. पुढं इंग्लंडात बॅबेजनं आपल्या गणिती यंत्रासाठी हेच पुठ्ठे योजले, आणि अमेरिकेत हॉलरिथनं 1890 ची जनगणना भोकांच्या कार्डांवर मोजून काढली. "म्हणजे बघा मालक, आधी माग, मग कॉम्प्युटर. हे मशीन आपल्या घरातलंच आहे. जरा वाट चुकून बेंगळुरूला गेलं, एवढंच."

बिघाड सापडेपर्यंत अण्णांना तहान-भूक नसते. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं, डोक्यावर पत्रा, तरी गडी मल्टिमीटर लावून बसलेला. पण पडद्यावर अक्षरं उमटली की त्यांचा रस संपतो. स्क्रू पोरगं लावतं, पैसे पोरगं घेतं, आणि अण्णा कोपऱ्यातल्या मुक्या बोर्डाकडे वळतात.

या माणसाचा पराभव एकाच प्रकारे होतो. एमआयडीसीतून रिक्षात घालून कॅबिनेट आणलं जातं. वाटेतल्या खड्ड्यांनी सैल झालेली रॅम परस्पर जागेवर बसते. अण्णा पंखा बंद करतात, रिक्षावाल्याला हात जोडतात, कान लावून बटण दाबतात; आणि एक आखूड, निरोगी बीप देऊन मशीन पहिल्या फटक्यात सुरू होतं.

मालक आनंदानं कॅबिनेट उचलायला पुढं होतो. अण्णा त्यावर हात ठेवतात.

"राहू द्या इथंच. बिघडलं की फोन करतो."