एकवचनी अर्ज

परदेशी विद्यापीठाच्या प्रवेश-अर्जाचा विचार करताना एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी लागते, ती अशी की हा अर्ज अर्जदाराला एकटा समजतो. तुम्ही कोण, तुम्हांला काय हवे, तुम्ही आजवर काय केलेत, हे सारे प्रश्न तो एकाच व्यक्तीला विचारतो. आणि ठाण्याच्या नौपाड्यात, जिथे चष्म्याची काडी बदलायची तरी घरात खल होतो, तिथे त्यांची उत्तरे किमान चौघे मिळून देतात. अर्जदार टंकन करतो, वडील मागे उभे राहून स्पेलिंगे तपासतात, आई कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी राखते आणि दोन वर्षांपूर्वी तिकडे पोचलेली मावसबहीण आपल्या रात्री जागून व्हॉट्सॲपवर हरकती नोंदवते.

पहिली अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि आईचे नाव स्वतंत्र ओळीत. पासपोर्टात मात्र ‘गिव्हन नेम’ या सदरात, म्हणजे आडनाव वगळून जे उरते त्यात, मुलगा आणि बाप शेजारी शेजारी बसतात. परिणामी विद्यापीठाचे पहिले पत्र दोघांनाही एका दमात ‘प्रिय’ म्हणत येते आणि वडिलांना क्षणभर आपल्यालाच प्रवेश मिळाल्यासारखे वाटते.

हा गोंधळ या पट्ट्याला नवा नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे नाव यमुना. लग्नात नाव बदलले, पण माहेरही जोशी आणि सासरही जोशी असल्याने आडनाव तेच राहिले. म्हणजे ‘विवाहापूर्वीचे आडनाव’ हा आजच्या अर्जातला रकाना त्यांनी भरला असता, तर जे बदलले होते त्याला जागा मिळाली नसती आणि जे बदलले नव्हते तेच पुन्हा लिहावे लागले असते. अर्जातील बहुवचनाचा उगमही तिथेच सापडतो. टपाल खात्यात नोकरीस असलेल्या त्यांच्या पतीने, गोपाळरावांनी, १८७८ साली रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले, त्यात पत्नीच्या शिक्षणाची इच्छा होती आणि स्वतःसाठी तिकडे नोकरीची चौकशीही होती. हा पत्रव्यवहार वाइल्डर यांनी आपल्या नियतकालिकात छापला आणि १८८० मध्ये न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी तो दंतवैद्याकडे आपली पाळी येईपर्यंत वाचला. विद्यार्थिनीने स्वतःच्या हातचा, स्वतःच्या नावाचा अर्ज पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयास धाडला तो १८८३ मध्ये, अमेरिकेत पोचल्यावर. प्रवेशाच्या साऱ्या अटी आपण पुऱ्या करू शकत नाही हे त्यात त्यांनी सरळ कबूल केले, आणि मायदेशीच्या स्त्रियांना स्त्री-डॉक्टर हवी आहे एवढेच कारण पुढे ठेवले. प्रवेश मिळाला, १८८६ मध्ये पदवीही मिळाली. उणीव कबूल करण्याची ही पद्धत पुढे लोपली; तिच्या जागी काय आले, ते खाली येईल.

पत्त्याचा रकाना दिसायला साधा आहे. त्याला घरक्रमांक आणि रस्त्याचे नाव एवढेच हवे असते, तर नौपाड्यातील पत्ता हा ‘च्या मागे’, ‘च्या समोर’ आणि ‘ला लागून’ या शब्दयोगी अव्ययांवर उभा असतो. गोखले रस्त्यावरून आत वळल्यावर कोणाच्या मागे आणि कशाच्या समोर, हे लिहिता लिहिता अक्षरे संपतात. त्यावर पुन्हा ‘कायमचा पत्ता’ असा वेगळा रकाना असतो. गल्लीतील तीन-चार मजली जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला, म्हणजे जुनी पाडून तिथे उंच बांधण्याला, गेल्यामुळे अनेक कुटुंबे सध्या घोडबंदर रस्त्याकडे भाड्याने राहतात आणि त्यांच्या कायमच्या पत्त्यावर पत्र्यांच्या कुंपणाआड एक खोल खड्डा असतो, ज्यात पावसाळ्यात पाणी साचते. आधार, पासपोर्ट आणि बँकेचे पासबुक हे तिन्ही पुरावे त्या खड्ड्याचे असल्याने अर्जात तोच लिहावा लागतो. त्याचा पिनकोड ४००६०२ मात्र अजून शाबूत आहे.

गुणांविषयी थोडक्यात सांगायचे तर, अमेरिकेत ते चारच्या पट्टीवर मोजतात आणि जर्मनीत उलट्या. जर्मन पद्धतीत एक हा सर्वोत्तम गुण असून चारनंतर नापास, आणि आपले गुण तिकडे नेण्यासाठी ‘बव्हेरियन सूत्र’ लावतात: कमाल गुणांतून मिळालेले वजा करायचे, त्या वजाबाकीला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतील अंतराने भागायचे, आलेल्या संख्येची तिप्पट करून त्यात एक मिळवायचा. दहापैकी आठ मिळवलेल्या आणि चारला उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तर दोन येते. हे दोन उत्तम असतात हे आजीला पटवणे हा त्या सूत्राचा भाग नाही, पण वेळ त्यातच अधिक जातो.

खरा कस लागतो तो ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ म्हणजे उद्दिष्टपत्र लिहिताना. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे सांगताना, जो आपली स्तुती आपणच करतो आणि जो वाडवडिलांची कीर्ती सांगतो, अशा दोघांनाही मूर्खांत घातले आहे. परदेशी अर्जात पहिल्या लक्षणासाठी हजारेक शब्द राखलेले असतात आणि दुसऱ्यासाठी आईवडिलांच्या शिक्षणाचा स्वतंत्र रकाना असतो. ज्या घरात ‘बरा आहे अभ्यासात’ याहून मोठे कौतुक पाहुण्यांसमोर झालेले नाही, तिथला मुलगा संगणकासमोर बसून आपण असामान्य असल्याचे पुरावे शोधू लागतो. बहुतेक उद्दिष्टपत्रे ‘लहानपणापासून’ या शब्दाने सुरू होतात आणि तिसऱ्या वाक्यात मिक्सर येतो, जो अर्जदाराने आठव्या वर्षी कुतूहलाने उघडला. तो नंतर बंद झाला नाही आणि आईने ते वर्ष खलबत्त्यावर काढले, हा उत्तरार्ध शब्दमर्यादेमुळे गळतो. पाडव्याच्या स्वागतयात्रेत तळावपाळीजवळ पाण्याचे ग्लास वाटले, त्याचे ‘मोठ्या जनसमुदायासाठी जलव्यवस्थापन’ होते. १८९३ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे तीन पिढ्यांचे सभासदत्व मात्र कुठेच बसत नाही, कारण पुस्तके घरी आणून वाचणे हे नेतृत्वगुणात मोडत नाही.

यावर कडी म्हणजे शिफारसपत्रे. ती साधारणतः तीन लागतात आणि ती प्राध्यापकांनी गुप्तपणे लिहावीत असा संकेत आहे. व्यवहारात पुष्कळ प्राध्यापक “तूच लिहून आण, मी बघतो” असे म्हणतात, आणि यात दुष्टावा नसून शंभर विद्यार्थी आणि एक सुट्टी असा हिशेब असतो. मग तोच मुलगा, जो स्वतःच्या नावाने स्वतःची स्तुती करताना घामाघूम झाला होता, तो दुसऱ्याच्या नावाने ती मोकळेपणाने करतो. तीन पत्रांची शैली वेगळी दिसावी म्हणून विशेषणांची वाटणी होते: एकाकडे ‘कष्टाळू’ जातो, दुसऱ्याकडे ‘चिकाटीचा’, आणि तिसऱ्या सरांना काहीच न उरल्याने ते विद्यार्थी वक्तशीर असल्याचे सांगतात. पत्रे पाहून झाल्यावर एखादे प्राध्यापक “जरा जास्तच झालंय” असे म्हणून एक वाक्य कापतात, आणि बहुधा नेमके तेवढेच खरे असते.

शेवटचा प्रश्न वेळेचा. न्यूयॉर्कमधील मध्यरात्रीला एक मिनिट कमी असताना अर्ज बंद होतात, तेव्हा डिसेंबरात नौपाड्यात दुसऱ्या दिवशी सकाळचे दहा वाजून एकोणतीस मिनिटे झालेली असतात. २०२२ साली १५ डिसेंबर, जी अनेक अमेरिकी विद्यापीठांची मुदत असते, गुरुवारी आली होती. म्हणजे इकडे शुक्रवार, आणि पंचांगाच्या ठोकळ गणिताने शुक्रवारचा राहुकाल सुरू होतो साडेदहाला. दोन खंडांची कालगणना इतकी जुळल्याचे उदाहरण दुर्मीळ म्हणावे लागेल. अशा सकाळी सव्वादहाला घरातले सगळे टेबलाभोवती जमतात. फी भरण्यासाठी काकांचे क्रेडिट कार्ड आणि ओटीपीसाठी काकांचा फोन आलेला असतो, सोबत काकाही. पडद्यावर अखेरचे प्रतिज्ञापत्र उघडते, ज्यात हा अर्ज सर्वस्वी आपण एकट्याने तयार केला असून त्यात अन्य कोणाचाही हात नाही, असे अर्जदाराला मान्य करायचे असते. ते वडील मोठ्याने वाचतात, सगळे माना डोलावतात, आणि आजीने नेमके त्याच वेळी अर्जदाराच्या उजव्या हातावर दही घातलेले असल्यामुळे ‘सबमिट’चे बटण आई दाबते.