परत आलेल्यांचं काय करायचं?

निरोप द्यायची आपल्याला भारी हौस. पोरगी पाठीवर सॅक टाकून वर्षभर जग फिरायला निघाली, की विमानतळावर मावशी, आत्या, शेजारचे काका आणि कॉलेजचा अख्खा कंपू. हातावर दही, सॅकच्या कप्प्यात अंगारा, फोटोंवर फोटो. वर्षाने तीच पोरगी पहाटे साडेतीनला उतरते. न्यायला कोण? टॅक्सीवाला.

पुढचा आठवडा तर बघवत नाही.

नातेवाईक येतात. प्रश्न ठरलेले. किती खर्च आला? खाण्याचे हाल झाले असतील ना? आणि मग तो, ज्याच्यासाठी आधीचे दोन विचारलेले असतात: आता पुढे काय?

ती बोलिव्हियातल्या मिठाच्या पठारावर काढलेल्या रात्रीबद्दल सांगायला लागते. दुसऱ्या वाक्याला समोरच्याचा अंगठा मोबाइलवर सरकलेला असतो. अर्धं जग बघून आलेल्या माणसाला आपण चहा संपेपर्यंतही बोलू देत नाही.

मुलगा असेल तर 'धाडसी आहे हो!' मुलगी असेल तर 'एकटीच होतीस?' विचारणाऱ्याला खरंच तिची काळजी असती, तर वर्षभरात एकदा फोन केला असता.

आपण असे कधीपासून झालो?

काशीला जाऊन आलेल्या माणसाच्या घरी मावंदं व्हायचं. गंगेच्या पाण्याची पूजा, मग पंगत. ज्यांना जन्मात काशी दिसणार नव्हती, त्यांच्याही हातावर तीर्थ म्हणून गंगा पडायची. जायचा एक जण. परत आला की सगळी आळी वाटेकरी.

नर्मदा परिक्रमेचं आजही तसंच आहे. परंपरेने तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. नदी उजव्या हाताला ठेवून चालायचं, मिळेल ते खायचं, आश्रमात पथारी टाकायची. पाठीवर जेमतेम सामान, पगार बंद, घरदार मागे. हा माणूस परतला की आपण वाकून नमस्कार करतो. तुमच्या सीव्हीत गॅप पडली, असं त्याला कोणी ऐकवत नाही.

मग बोलिव्हियाहून आलेल्या पोरीनेच काय घोडं मारलंय?

परत आलेल्याला विचारलं की काय हाती लागतं, ते बघा. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरचं कर्ज फेडायचं म्हणून काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. दक्षिणा मिळवायची आणि परतायचं, एवढाच बेत. वाटेत बंड पेटलं. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा भटजी झाशीत होते. मिळवलेलं लुटलं गेलं, जीव तेवढा वाचला. पेणजवळच्या आपल्या गावी पोचले तेव्हा पदरात पैसा नव्हता. कावडीतून आणलेलं गंगेचं पाणी होतं, आईवडिलांना स्नान घालण्यासाठी.

पुढे इतिहासकार चिंतामणराव वैद्यांनी त्यांच्याकडे आग्रह धरला: पाहिलंत ते लिहून काढा. ते लिखाण १९०७ साली 'माझा प्रवास' म्हणून छापून आलं. झाशीचा वेढा, गल्लीबोळांतली कापाकापी, घराघरांतली लूट यांची प्रत्यक्ष बघणाऱ्याने सांगितलेली मराठी हकिगत आज आपल्या हातात आहे, ती एका परत आलेल्या भिक्षुकाला कोणीतरी नीट विचारलं म्हणून. 'आता पुढे काय?' एवढंच विचारून वैद्य उठले असते तर?

आपल्याकडे दुसरीही रीत होती, हे मान्य. समुद्र ओलांडून आलेल्याला प्रायश्चित्त घ्यावं लागे, तेव्हा कुठे पंक्तीत जागा मिळे. ती रीत गेली असं वाटत असेल, तर वर्षभर फिरून आलेल्याची नोकरीची मुलाखत ऐका.

"गेल्या वर्षी काय करत होतात?"

"प्रवास करत होते."

"ते कळलं. पण काम काय केलंत?"

काम? भारतीय पासपोर्टवर जग फिरायला काय लागतं, ते या साहेबांना माहीत नाही.

आधी व्हिसा न काढता आपल्या पासपोर्टला साठाच्या आसपास ठिकाणं उघडतात. सिंगापूरच्या पासपोर्टला १९० हून जास्त. तिथला पोरगा सकाळी नकाशा बघतो आणि संध्याकाळी निघतो. आपली पोरगी बँकेचं स्टेटमेंट, इन्कम टॅक्सची रिटर्न्स, हॉटेलचं बुकिंग, विमा आणि परतीचं तिकीट घेऊन रांगेत उभी राहते. निघायच्या आधीच परत येणार असल्याचा पुरावा द्यायचा!

युरोपचा शेंगेन व्हिसा साधारणपणे आपण राहतो त्याच देशातून मागायचा, आणि तोही प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी. दौरा वर्षाचा आणि युरोप आठव्या महिन्यात असेल, तर निघण्यापूर्वी अर्जच करता येत नाही. मधेच घरी या, फाइल द्या, वाट बघा, पुन्हा निघा. आत शिरल्यावर १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोला वेगळा लागत नाही, हे शोधून काढायचं आणि सगळा मार्ग त्याप्रमाणे फिरवायचा. हे सगळं कुठे बसून? आठ जणांच्या डॉर्ममध्ये, वरच्या बंकवर, रात्री बारानंतर, वायफाय मिळेल तितकं.

जाहिरातीत 'अडचणीतून मार्ग काढणारा उमेदवार हवा' म्हणायचं. तो समोर येऊन बसला की त्याला गॅप विचारायची?

जर्मनीत उमेदवारी पुरी केलेले सुतार आणि गवंडी अजूनही असे फिरतात. संख्या थोडी, पण नियम कडक. तीन वर्षं आणि एक दिवस घरापासून ५० किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही. कॉर्डुरॉयचा पोशाख, बेलबॉटम पँट, हातात वाकडी काठी. गावोगाव काम करायचं आणि पुढे निघायचं. निघताना गावाच्या पाटीवर चढून पलीकडे उतरायचं, परततानाही पाटी ओलांडूनच आत यायचं. आणि त्या दिवशी पाटीखाली माणसं उभी असतात.

आपल्याकडेही कागदावर दारं किलकिली झाली आहेत. कॉलेजचं शिक्षण मधे थांबवून पुन्हा धरता येतं. मिळवलेली क्रेडिट्स सात वर्षांपर्यंत क्रेडिट बँकेच्या खात्यात राहू शकतात. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून अठरा ते तीस वयाच्या भारतीयांना वर्षभर फिरायची आणि फिरता फिरता काम करायची वाट काढून दिली आहे. जागा वर्षाला १,०००, नावं सोडतीने. सरकारी नियम हलले. दिवाणखान्यातला सोफा हलायला तयार नाही.

फिरून आलेल्यांनाही दोन शब्द ऐकवायलाच हवेत. 'सगळं सोडून निघालो' असं लिहू नका. सगळं सोडलं होतंत, तर परत आलात कुठे? आईने खोली तशीच ठेवली, वडिलांनी विम्याचा हप्ता भरला, धाकट्या भावाने आजीला दवाखान्यात नेलं-आणलं. विमान कंपन्या जगप्रदक्षिणेचं तिकीट विकतात, त्यातही अट असते: ज्या देशातून निघालात, त्याच देशात संपवायचं. वर्षभर जे फिरतात, ते मागे कोणीतरी जागेवर थांबलेलं असतं म्हणून.

आणि देशांचे झेंडे मोजू नका. आकड्यांनी नाव राहत नाही. १९२३ साली मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले. १९२८ साली प्रदक्षिणा पुरी करून तिघे परतले: आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. साडेचार वर्षं, सुमारे ७१,००० किलोमीटर. त्यांनी पुस्तक लिहिलं, प्रस्तावना जवाहरलाल नेहरूंची. ही नावं मुंबईत आज किती जणांना माहीत आहेत? जिथून निघाले, त्याच शहराने विसरायचं?

परत येणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या ओळखीतली मुलगी बघायला हवी होती. घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत तिने स्वतःच्या खोलीतल्या कपाटाला हॉस्टेलच्या लॉकरचं नंबरवालं कुलूप लावलं. सवयीने. पासपोर्ट उशीखाली. आंघोळीला जाताना टॉवेल, साबण, कपडे, सगळं एका पिशवीत. आंघोळ झाली की पिशवी परत खोलीत. बाथरूमच्या खुंटीला काही टांगायचं नाही, म्हणजे नाहीच.

आईची नजर कुलपावर गेली. "अगं, इथे कोण घेणार आहे तुझं?"

पोरीला रडू फुटलं. कारण तिलाही सांगता येईना.

परदेशात पाऊल ठेवल्यावर बसतो तसाच धक्का घरी परतल्यावर दुसऱ्यांदा बसतो, हे अमेरिकेतल्या गुलाहॉर्न दांपत्याने १९६३ सालीच मांडलं होतं. साठ वर्षं उलटून गेली. आपलं निदान अजून तेच: फॉरेनची हवा लागली.

आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पिवळ्या तापाच्या देशातून भारतात उतरलात, की लसीचं पिवळं कार्ड मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. योग्यच आहे. बाहेरून आलेला माणूस सोबत काहीतरी घेऊन येतो, एवढं सरकारला कळतं. त्याने आणलेला ताप शोधायला माणसं नेमली आहेत. त्याने आणलेलं शहाणपण विचारायला कोण आहे?

शहाणपण म्हणजे हिमालयात सापडतं ते नव्हे. रोजच्या उपयोगाचं.

कोलंबियातल्या बोगोटा शहरात २००० साली ट्रान्समिलेनिओ नावाची बससेवा सुरू झाली. लाल जोडबस, रस्त्याच्या मधोमध स्वतंत्र मार्ग, बसच्या पायरीशी जुळणारा फलाट, आणि पैसे बसमध्ये चढण्यापूर्वी स्थानकाच्या दारातच. तिच्याकडे बघून पुण्याने २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे तशीच स्वतंत्र मार्गाची बससेवा, आणली. मार्ग आखला, पाट्या लावल्या. तिकीट मात्र बसमध्ये कंडक्टरकडेच राहिलं. पुढे काही ठिकाणचा मार्ग उखडूनही टाकला.

बोगोटात महिनाभर राहिलेल्या पोरीने या बसमधून रोज ये-जा केली. ती गर्दीत चेंगरलीही. फलाट अरुंद पडला की काय होतं, दोन बस एकदम आल्या की रांग कशी मोडते, फुकटे कुठून उड्या मारून आत शिरतात, हे तिने उभं राहून पाहिलं. आपले लोकप्रतिनिधी परदेशात अभ्यास दौऱ्याला जातात ते आठवडाभर, फिरतात एसी गाडीतून, आणि खर्च करदात्याचा. हिने स्वतःचे पैसे घातले, लाल बसमध्ये घाम गाळला. कोणाचा अहवाल जास्त खरा?

बोलिव्हियात ला पाझ आणि एल आल्तो ही शहरं २०१४ पासून केबल कारने जोडलेली आहेत. पर्यटकांची जत्रा नव्हे; कामावर जाणारी बाई, शाळेचं पोर, भाजीची पाटी, सगळं तारेवरून खाली येतं. आपल्या घाटकोपर-विक्रोळीच्या टेकड्यांवरच्या माणसाला हे ऐकायला आवडणार नाही? त्याच्यापर्यंत पोचवणार कोण? जी रोज त्या डब्यात बसली, तिला आपण विचारतो, किती खर्च आला.

तेव्हा या रविवारी बोलवा तिला. पिठलं-भात करा, वर्षभर तिला तेच आठवत होतं. सगळ्यांचे मोबाइल आतल्या खोलीत ठेवा. पहिल्या रात्री कुठे झोपलीस, इथपासून विचारा आणि मधे बोलू नका. ओळखीत महापालिकेच्या वाहतूक खात्यातला कोणी असेल तर त्यालाही जेवायला बोलवा, आणि पान तिच्या शेजारी मांडा.